ऑडिशनच्या रांगेतल्यांना दोष कशासाठी?

दूरचित्रवाणीवरच्या रिॲलिटी शोसाठी स्पर्धक निवडण्याची पहिली जाहीर पायरी म्हणजे ऑडिशनची रांग. वाहिनी शहर, तारीख आणि ठिकाण जाहीर करते. ठरलेल्या दिवशी पहाटेपासून एखाद्या शाळेच्या, महाविद्यालयाच्या, हॉटेलच्या किंवा मॉलच्या फाटकाबाहेर उमेदवार उभे राहू लागतात. फॉर्म भरला जातो, ओळखपत्र तपासले जाते, छातीवर क्रमांकाचा स्टिकर लागतो आणि वाट पाहणे सुरू होते. भारतात ही रांग घराघरांत दिसू लागली ती २००४ मध्ये सोनी वाहिनीवर आलेल्या ‘इंडियन आयडॉल’मुळे. ब्रिटनमधल्या २००१ च्या ‘पॉप आयडॉल’वरून घेतलेल्या या कार्यक्रमाचा पहिला विजेता मुंबईचा अभिजीत सावंत होता. मराठीत झी मराठीवरच्या ‘सा रे ग म प’ने, विशेषतः २००८-०९ च्या ‘लिटल चॅम्प्स’ पर्वाने, या रांगेची ओढ तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचवली.

रांगेबरोबर तिची निंदाही वाढली. रांगेतल्या मुलामुलींना झटपट प्रसिद्धी हवी असते. मेहनत नको असते. त्यांच्यामुळे अभिरुची घसरते. पडद्यावर त्यांचे हसे झाले तर ते त्यांनीच ओढवून घेतलेले असते. दिवसभर ताटकळावे लागले तरी कोणी बळजबरी केलेली नसते, असे आक्षेप वर्षानुवर्षे घेतले जात आहेत. उलट बाजूने वाहिन्या हीच रांग गुणवत्तेसाठी उघडलेले दार म्हणून दाखवतात. ही दोन्ही मते चुकीची आहेत. रांगेतला उमेदवार मूर्खही नसतो आणि उपकृतही नसतो. तो आपला वेळ, आपला चेहरा आणि आपली आशा कार्यक्रमाला विनामोबदला देतो. जाब विचारायचा असेल तर तो रांग लावणाऱ्याला विचारला पाहिजे.

येरवड्यातला उमेदवार

हा वाद हवेत करण्यात अर्थ नाही. रांगेत कोण उभे राहते आणि का, हे एखाद्या ठिकाणावरून पाहिले तरच तो नीट कळतो. पुण्याच्या गाण्या-नाटकाचा लौकिक ज्या संस्थांवर उभा आहे, त्या बहुतेक सगळ्या मुठेकाठच्या पेठांत किंवा त्यांच्या लगत आहेत. भारत गायन समाज १९११ चा, गांधर्व महाविद्यालय १९३२ चे, बालगंधर्व रंगमंदिर १९६८ चे. ‘पुरुषोत्तम करंडक’ ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून तरुण नट घडवत आली आहे. मात्र तिच्यात उतरायचे तर आधी महाविद्यालयात प्रवेश हवा, आणि त्या महाविद्यालयात नाटक बसवणारी मंडळीही हवीत.

नदीपलीकडच्या येरवड्याची ओळख निराळ्या गोष्टींनी घडली. १८७१ चे मध्यवर्ती कारागृह, त्याच कारागृहात १९३२ मध्ये झालेला पुणे करार आणि मनोरुग्णालय ही नावे राज्यभर माहीत आहेत. डेक्कन कॉलेजही येथेच आहे, पण तेथे पुरातत्त्व आणि भाषाशास्त्र यांचे उच्च शिक्षण होते. लक्ष्मीनगर, नागपूर चाळ, नेताजीनगर, फुलेनगर या वस्त्यांतले गाणे आणि नाच गणेशोत्सवाच्या मंडपात, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि भाड्याच्या गाळ्यातल्या डान्स क्लासमध्ये वाढतात. येरवड्याच्या काही वस्त्यांत केंद्र सरकारच्या बीएसयूपी (शहरी गरिबांसाठी मूलभूत सेवा) योजनेतून जागच्या जागी पक्की घरे बांधली गेली, तेव्हा एका घराचे ठरलेले क्षेत्रफळ सुमारे २७० चौरस फूट होते. पत्र्याच्या खोलीपेक्षा हे घर कितीतरी चांगले आहे. तरीही चार-पाच माणसांच्या अशा घरात पहाटे खर्ज लावता येत नाही आणि कोलांटीची तालीमही करता येत नाही. मुले गच्चीवर, मैदानात, रात्री रिकाम्या झालेल्या वाहनतळावर सराव करतात.

अशा मुलाला कलेच्या क्षेत्रात शिरायला दारे किती आहेत? गुरूकडे शिकायला फी लागते आणि नदी ओलांडून जायला वेळ लागतो. नाट्यस्पर्धेला महाविद्यालय लागते. चित्रपटाच्या आणि मालिकांच्या कास्टिंगला मुंबईत राहणे परवडावे लागते आणि ओळख लागते. रिॲलिटी शोच्या रांगेला ओळखपत्र पुरते. शिफारस, पदवी, प्रवेश शुल्क यांपैकी काहीच न मागणारे दार म्हणून ही मुले तिकडे जातात. उपलब्ध दारांचा विचार करून घेतलेला हा निर्णय आहे आणि तो शहाणपणाचा आहे.

पहिला आक्षेप: झटपट प्रसिद्धीची हाव

रांगेतल्यांना कष्टाशिवाय नाव हवे असते, हा सर्वांत जुना आक्षेप. तो रांगेकडे पाहून केला जातो, रांगेआधीच्या वर्षांकडे पाहून केला जात नाही. ‘लिटल चॅम्प्स’चे उदाहरण मराठी प्रेक्षकांना तोंडपाठ आहे. विजेती ठरलेली आळंदीची कार्तिकी गायकवाड वडिलांकडे, वारकरी परंपरेतल्या गायकीत वाढली होती. पुण्याची आर्या आंबेकर आईकडे शास्त्रीय संगीत शिकत होती. या मुलींनी कार्यक्रमात गाणे दाखवले. गाणे शिकून त्या आधीच आल्या होत्या. लातूरचा रोहित राऊत त्या स्पर्धेत पहिला आला नाही. पुढे अकरा वर्षे तो गात राहिला आणि २०२० मध्ये ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात उपविजेता ठरला. याला झटपट म्हणता येत नाही.

नृत्यातही हेच दिसते. ‘इंडियाज बेस्ट डान्सर’च्या दुसऱ्या पर्वाची विजेती सौम्या कांबळे आणि तिसऱ्या पर्वाचा विजेता समर्पण लामा हे दोघेही पुण्याचे. ज्या अंगाने ते नाचले ते अंग एका दिवसाच्या रांगेत तयार होत नाही. त्यामागे वर्षांची तालीम असते. ‘व्ही अनबीटेबल’ हा मुंबईच्या उत्तर टोकाकडच्या वस्त्यांतल्या मुलांचा गट भारतीय नृत्यस्पर्धांतून पुढे गेला आणि २०२० मध्ये ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट: द चॅम्पियन्स’ जिंकून आला. हवेत माणूस फेकून तो झेलण्याची त्यांची कसरत हावरटपणाने साधत नाही.

ही नावे अपवाद आहेत, आणि प्रतिवाद त्यांच्या यशावर उभा करण्याची गरजही नाही. जिंकण्याची शक्यता फार कमी आहे म्हणून रांगेत उभे राहणे मूर्खपणाचे, हा तर्क मान्य केला तर तो सगळीकडे लावावा लागेल. पुण्याच्या पेठांत राज्यभरातून आलेली मुले कॉटबेसिसवर राहून वर्षानुवर्षे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. पोलिस भरतीच्या मैदानी चाचणीसाठी तरुण पहाटेपासून मैदानाबाहेर थांबतात. तेथेही जागा थोड्या आणि उमेदवार अफाट असतात. त्यांना समाज जिद्दी म्हणतो आणि ते योग्यच आहे. सरकारी नोकरीच्या रांगेतला जिद्दी आणि गाण्याच्या रांगेतला हावरट, हा भेद शक्यतेच्या गणितातून निघत नाही. गाणे आणि नाच हे पोटापाण्याचे काम असू शकते, हे मान्य नसल्यामुळे तो केला जातो. येरवड्यातल्या ज्या मुलीला लग्नसराईतल्या ऑर्केस्ट्रात गाऊन घरखर्चाला हातभार लावायचा असतो, तिच्या दृष्टीने ही रांग रोजगाराचीच रांग आहे.

दुसरा आक्षेप: अभिरुचीचा ऱ्हास

दुसरा आक्षेप असा की पूर्वी कलावंत कठोर कसोटीतून पुढे येत आणि आता गर्दीतून येतात. पूर्वीची कसोटी कशी होती, हे त्यासाठी पाहावे लागते. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. जन्माने ते पुण्याचेच. त्यांच्या काळात आकाशवाणीने गायक-वादकांची पद्धतशीर चाचणी सुरू केली. पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे त्या कामातले मोठे नाव. गाणाऱ्याचा चेहरा परीक्षकांसमोर न येता त्याचा आवाज ऐकला जाई आणि कलावंताला श्रेणी मिळे. नावाजलेल्या कलावंतांनाही चाचणी द्यावी लागणार म्हटल्यावर त्यांनी तीव्र विरोध केला. ऑडिशनने अपमान होतो ही तक्रार आजची नाही. त्या काळी ती घराणेदार गायकांचीही होती.

त्या पद्धतीतले एक तत्त्व आजही आदर्श ठरावे असे आहे: आवाज ऐकावा, चेहरा पाहू नये. पण त्याच काळात केसकरांनी आकाशवाणीवर चित्रपटगीतांना आवर घातला. लोकांची अभिरुची वरून घडवता येईल अशी त्यामागची धारणा होती. श्रोत्यांनी रेडिओ सिलोन लावले. अखेर १९५७ मध्ये आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. दार बंद केल्याने अभिरुची उंचावत नाही, श्रोता दुसऱ्या दाराने जातो, हा या प्रकरणाचा धडा आहे.

रिॲलिटी शोच्या रांगेतून आलेल्यांनी संगीत बिघडवले हा आरोपही टिकत नाही. दूरदर्शनवर १९९६ मध्ये झालेल्या ‘मेरी आवाज सुनो’ची विजेती सुनिधी चौहान होती. श्रेया घोषालची ओळख ‘सा रे ग म’च्या मंचावर झाली. अरिजित सिंग २००५ च्या ‘फेम गुरुकुल’मध्ये होता आणि तेथे हरला होता. यांपैकी कोणाच्याही गळ्याला कच्चा म्हणण्याचे धाडस आज कोणी करणार नाही. कार्यक्रमांत जो उथळपणा दिसतो तो संकलनाचा, पार्श्वसंगीताचा, रडण्याच्या क्लोजअपचा आहे. ते निर्णय रांगेत उभा असलेला कोणीही घेत नाही.

तिसरा आक्षेप: हसे त्यांनीच करून घेतले

बेसूर गाऊनही आत्मविश्वासाने परीक्षकांसमोर उभे राहणारे उमेदवार हा अशा कार्यक्रमांच्या पहिल्या काही भागांचा हुकमी मसाला असतो. प्रेक्षक हसतात आणि विचारतात, याला कोणी सांगितले नाही का? या प्रश्नाचे उत्तर निवडीच्या पद्धतीत आहे. प्रसिद्ध परीक्षक रांगेतल्या प्रत्येकाला ऐकत नाहीत. तेवढा वेळच नसतो. आधी निर्मिती संस्थेची माणसे ऐकतात. पहिल्या खोलीत मिनिटभर, त्यातून निवडलेल्यांना दुसऱ्या फेरीत पुन्हा, आणि काही वेळा तिसऱ्यांदा. या चाळणीतून उरलेलेच कॅमेऱ्यासमोर, म्हणजे नामांकित परीक्षकांपुढे जातात.

मग बेसूर गाणारा तेथवर पोहोचला कसा? त्याला पाठवले गेले म्हणून. अमेरिकेत २००४ मध्ये ‘अमेरिकन आयडॉल’वर विल्यम हंग हा विद्यार्थी वाईट गाण्यासाठी जगप्रसिद्ध झाला, तेव्हा ही पद्धत सर्वांना कळली: चाळणी चांगल्यांना पुढे काढते आणि करमणुकीला उपयोगी पडणाऱ्यांनाही पुढे काढते. दोघांनाही सांगितले जाते ते एकच: तुमची निवड झाली आहे. पहिल्या फेरीत निवड झाली म्हणजे आपण बरे गातो असे त्या मुलाला वाटणे स्वाभाविक आहे. आपण कशासाठी निवडलो गेलो हे त्याच्यापासून लपवलेले असते. ही फसवणूक आहे, आणि तिचा बळी ठरलेल्याला दोष देणे हा दुसरा अन्याय आहे.

त्याची किंमत कार्यक्रमासोबत संपत नाही. तीस सेकंदांची ती क्लिप मोबाईलवर फिरत राहते. मोठ्या सोसायटीत राहणाऱ्याला अनोळखीपणाचा थोडा आडोसा मिळतो. नागपूर चाळीच्या बोळात सगळे एकमेकांना नावाने ओळखतात. तेथे ती क्लिप त्या मुलाच्या शाळेत, कामावर आणि सोयरिकीच्या बोलण्यात पोहोचते. ज्याने माहिती असूनही त्याला पुढे ढकलले, त्याच्यावर या परिणामांची जबाबदारी आहे.

चौथा आक्षेप: बळजबरी कोणी केली?

हा आक्षेप सर्वांत मजबूत वाटतो. उमेदवार स्वेच्छेने येतो, म्हणून तहान, ऊन, ताटकळणे हे सगळे त्याने पत्करलेले आहे, असे त्याचे सूत्र. त्याचे खंडन आधी साध्या हिशेबाने करता येते. समजा, चार खोल्यांत दहा तास निवड चालते आणि प्रत्येक उमेदवाराला एक मिनिट मिळते. तासाला २४० आणि दिवसात २,४०० जण ऐकून होतात. या सर्वांना सकाळी सातला बोलावले, तर शेवटच्याला दहा तास आणि सरासरीने प्रत्येकाला पाच तास थांबावे लागते. निर्मिती संस्थेने ऐकण्यावर खर्च केले चाळीस तास. उमेदवारांनी वाट पाहण्यात घालवले १२,००० तास. आठ तासांची पाळी धरली तर हे १,५०० दिवसांचे काम झाले. तेच २,४०० जण तासातासाच्या गटांनी बोलावले, तर सरासरी थांबणे अर्ध्या तासावर येते आणि एकूण तास १,२०० होतात. मोबाईलवर एक संदेश पाठवून १०,८०० तास वाचवता येत असतील आणि ते वाचवले जात नसतील, तर ते ताटकळणे अपरिहार्य नाही.

हे तास का वाचवले जात नाहीत? रांग दिसायला हवी असते म्हणून. पर्वाच्या पहिल्या भागात ड्रोनने किंवा क्रेनने टिपलेली गर्दी, कॅमेरा आला की हात उंचावून ओरडणारे उमेदवार, उन्हात पेंगणारी आई, छातीवरचे स्टिकर, ही दृश्ये कार्यक्रम किती मोठा आहे हे सांगतात. जाहिरातदारालाही तेच दिसते. म्हणजे रांग हे निवडीचे साधन असते त्याहून अधिक चित्रीकरणाचे साहित्य असते. गर्दीच्या दृश्यासाठी आणलेल्या ज्युनियर आर्टिस्टला चित्रपटसृष्टीत दिवसाचा मेहनताना मिळतो. ऑडिशनच्या रांगेत तेच काम करणाऱ्याला पाण्याची बाटलीही स्वतःच्या पैशाने घ्यावी लागते.

रांगेशिवाय निवड करता येते, याचे पुरावे या क्षेत्रातच आहेत. ‘कौन बनेगा करोडपती’ने २००० मध्ये सुरुवातीपासून पहिली नोंदणी फोनवरून घेतली. अंजनगाव सुर्जीच्या शाळेत माध्यान्ह भोजन शिजवणाऱ्या बबिता ताडे यांनी २०१९ मध्ये त्या कार्यक्रमात एक कोटी रुपये जिंकले. कोरोनाकाळात, २०२० मध्ये, ‘इंडियन आयडॉल’च्या बाराव्या पर्वासाठी चाचणी ॲपवरून घेतली गेली आणि त्या पर्वाने उत्तम गायक दिले. पहिली चाळणी दूरवरून करता येते हे सिद्ध झाले आहे. त्यानंतरही हजारोंना एका फाटकाशी बोलावणे ही आयोजकाची निवड आहे, आणि त्या निवडीचे दायित्वही त्याचेच आहे.

येरवड्याला रांगा नव्या नाहीत. कारागृहात मुलाखतीसाठी नातेवाईक थांबतात. आळंदी रस्त्यावर फुलेनगरला आरटीओच्या मैदानावर वाहन परवान्याची चाचणी होते. या रांगाही कंटाळवाण्या असतात, पण त्यांना नियम असतो. दुचाकीवाल्याला आठचा आकडा काढायचा आहे आणि पाय टेकला तर नापास, हे आधीपासून माहीत असते. नापास झाला तर कारण कळते आणि पुन्हा यायचा हक्क राहतो. ऑडिशनच्या रांगेत किती फेऱ्या आहेत, कोण ऐकणार आहे, कशाला गुण आहेत, आज निकाल कळणार की नाही, यांपैकी काहीच सांगितले जात नाही. माहितीशिवाय दिलेल्या संमतीला स्वेच्छा म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे. त्यातच बहुधा इंग्रजीत असलेल्या संमतीपत्रावर रांगेत उभ्याउभ्या सही करून घेतली जाते. आपले चित्रीकरण हवे तसे कापून, हवे तेव्हा दाखवण्याचा अधिकार आपण देऊन टाकला, हे सही करणाऱ्याला घरी गेल्यावरही कळत नाही, कारण संमतीपत्राची प्रत त्याच्याकडे नसते.

गर्दीचा धोका यापलीकडचा आहे. फिलिपाइन्समध्ये ४ फेब्रुवारी २००६ रोजी ‘वॉवोवी’ या टीव्ही कार्यक्रमाच्या वर्धापनदिनासाठी स्टेडियमबाहेर दिवसेंदिवस थांबलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि सत्तरहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुतेक गरीब बायका होत्या. न्यूयॉर्कमध्ये मार्च २००९ मध्ये ‘अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल’च्या ऑडिशनच्या रांगेत धावपळ होऊन सहा जण जखमी झाले. या घटनांतले लोकही स्वेच्छेनेच आले होते. स्वेच्छेने आलेल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी गर्दी बोलावणाऱ्यावरून उतरत नाही.

वाहिन्यांचा बचाव: सर्वांसाठी खुले दार

आता दुसऱ्या बाजूचा दावा. वाहिन्या म्हणतात, आमच्याकडे ओळख लागत नाही, जात-गाव विचारले जात नाही, गुण असेल तो पुढे जातो. फाटक खुले असते हे खरे, आणि म्हणूनच येरवड्यातली मुले तेथे जातात. पण फाटकाच्या आत जे मोजले जाते ते केवळ गुण नसतात, हे या कार्यक्रमांतल्याच माणसांनी सांगितले आहे. ‘इंडियन आयडॉल’चा पहिला विजेता अभिजीत सावंत याने २०२१ मध्ये जाहीरपणे म्हटले की आता गाण्यापेक्षा स्पर्धकाच्या दुःखद कहाणीला अधिक महत्त्व दिले जाते. त्याच वर्षी किशोरकुमारांवरच्या विशेष भागानंतर त्यांचे पुत्र अमितकुमार यांनी सांगितले की सर्वांची स्तुती करा असे त्यांना आधीच सुचवण्यात आले होते. ‘इंडियन आयडॉल’च्या अनेक पर्वांचे सूत्रसंचालन केलेल्या मिनी माथुर यांनीही घडवून आणलेल्या प्रसंगांबद्दल नंतर नाराजी व्यक्त केली.

स्पर्धकाची ओळख करून देणाऱ्या छोट्या चित्रफितीला या क्षेत्रात ‘एव्ही’ म्हणतात. घर किती लहान, वडील काय काम करतात, कर्ज किती, हे तिच्यात येते. येरवड्यातल्या मुलासाठी यात विशेष जाच आहे. त्याच्या पत्त्याबरोबर कारागृहाची भिंत आणि झोपडपट्टीचे दृश्य आपोआप चिकटण्याचा धोका असतो. तो गझल गायला आला असेल, पण त्याच्या वाट्याला गरिबीची भूमिका येते. त्याने ती नाकारली तर पुढची फेरी दुरावेल अशी भीती असते. आकाशवाणीच्या चाचणीत गाणाऱ्याचा चेहरा झाकलेला असे. येथे चेहरा, घर आणि आईचे डोळे हेच आधी विकले जातात. दार खुले आहे असे म्हणण्याचा अधिकार वाहिन्यांना तेव्हाच मिळेल, जेव्हा दाराच्या आतले निकषही खुले असतील.

रांगेतली मुले

लहान मुलांच्या बाबतीत कायद्याने काही मर्यादा घातल्या आहेत. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनी बालकलाकाराचे काम दिवसाला पाच तासांपुरते आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपुरते मर्यादित केले. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि मिळकतीतला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे बँकेत ठेवणे बंधनकारक झाले. २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने नृत्याच्या कार्यक्रमांत मुलांकडून अशोभनीय हावभाव करून घेऊ नयेत अशी सूचना वाहिन्यांना दिली.

या नियमांचा भर प्रत्यक्ष कामाच्या तासांवर आहे. पण सात वर्षांचे मूल पहाटे पाचला उठून, मेकअप करून, भरजरी पोशाखात दुपारपर्यंत उभे राहते तेव्हा ते कामच करत असते, आणि कॅमेरा ते टिपत असतो. पाच तासांची मर्यादा फाटकाशी पोहोचल्यापासून मोजली गेली पाहिजे. पालकांना हावरे म्हणणे सोपे आहे, आणि काही पालक चुकतातही. तरी मुलाला वेळ देऊन बोलावणे आणि सावलीत बसवणे हे पालकाच्या हातात नाही, ते आयोजकाच्या हातात आहे.

काय बदलले पाहिजे

वरील विवेचनातून निघणाऱ्या मागण्या अवघड नाहीत. पहिली चाळणी ध्वनिफितीवर किंवा चित्रफितीवर व्हावी आणि प्रत्यक्ष बोलावणे तासवार ठरलेल्या वेळेचे असावे. ज्यांच्याकडे चांगला मोबाईल नाही त्यांच्यासाठी प्रत्यक्ष चाचणीचा मार्ग खुला राहावा, पण तोही टोकन देऊन. फेऱ्या किती, निकष कोणते, निकाल कधी, हे फाटकावर मराठीत लिहिलेले असावे. संमतीपत्र मराठीत असावे, ते आदल्या दिवशी मिळावे आणि सही केलेली प्रत उमेदवाराकडे राहावी. रांगेचे चित्रीकरण कार्यक्रमात किंवा जाहिरातीत वापरायचे असेल तर त्या दिवसाचा मेहनताना द्यावा. करमणुकीसाठी पुढे पाठवलेल्या उमेदवाराची चित्रफीत, त्याने ती पाहून स्वतंत्र संमती दिल्याशिवाय दाखवू नये. दुसऱ्या फेरीपासून बाहेरगावच्या उमेदवाराला प्रवासखर्च मिळावा.

यातल्या काही गोष्टींसाठी नव्या कायद्याचीही वाट पाहावी लागत नाही. एवढी गर्दी जमवायची तर पोलिसांची परवानगी घ्यावी लागते. येरवड्यात ऑडिशन होणार असेल तर पिण्याचे पाणी, सावली, स्त्रियांसाठी पुरेशी स्वच्छतागृहे, रुग्णवाहिका आणि गर्दीची कमाल मर्यादा या अटी स्थानिक पोलिस ठाणे आणि महापालिकेचे येरवडा-कळस-धानोरी क्षेत्रीय कार्यालय परवानगीच्या वेळीच आग्रहाने मांडू शकतात. महापालिकेने आणखी एक काम करावे: वस्त्यांतल्या शाळांचे वर्ग आणि सभागृहे संध्याकाळी सरावासाठी उघडावीत. सरावाला जागा आणि शिकायला गुरू जवळ मिळाले, तर ऑडिशन हे अनेक दारांपैकी एक दार होईल आणि त्या रांगेवर आयुष्य टांगून ठेवण्याची वेळ येणार नाही.

रांगेतल्यांवर घेतलेले आक्षेप तपासले की त्यातला प्रत्येक आक्षेप रांग लावणाऱ्यांकडे वळतो. घाई कार्यक्रमाला असते, उमेदवाराला नसते. उथळपणा संकलनात असतो, गळ्यात नसतो. फसवणूक चाळणीत असते आणि बेपर्वाई नियोजनात असते. उमेदवाराकडे उरते ती वर्षांची तालीम आणि ती कोणीतरी ऐकावी ही मागणी. ती मागणी रास्त आहे, आणि ती करणाऱ्याला सन्मानाने ऐकणे हे त्याला बोलावणाऱ्याचे कर्तव्य आहे.